शब्दवेध : 'मॉन्सून' म्हणजे पाऊस नव्हे

मे महिना सरत आला की 'मॉन्सून' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. सर्वसाधारण बोलण्यात त्याचा अर्थ पाऊस असाच घेतला जातो. मुळात मात्र या शब्दात पाऊस नाही, काळ आणि वारा आहे.

शब्दाचे मूळ अरबी 'मौसिम' हे होय. त्याचा अर्थ ठरलेला काळ, ऋतू. खूण करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो सिद्ध झाला. मराठीतील 'मोसम' आणि हिंदीतील 'मौसम' ही त्याचीच रूपे. अरबी समुद्रातील खलाशी गलबते हाकारण्यास योग्य अशा वाऱ्याच्या काळाला हा शब्द लावीत. पोर्तुगीज दर्यावर्दींनी तो उचलला व त्याचे 'मोंसांव' केले. त्यांच्याकडून सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला.

गोव्याच्या इतिहासात या शब्दाला विशेष स्थान आहे. लिस्बनहून वसंतात निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नैऋत्येच्या वाऱ्यावर गोव्याकडे येत आणि ईशान्येचा वारा सुरू झाल्यावर परतीला लागत. राजाचा पत्रव्यवहारही याच जहाजांतून चाले. त्यामुळे गोव्याच्या पुराभिलेखागारातील त्या पत्रांच्या बाडांना आजही 'मोंसोंयश दु रैनु', अर्थात राज्याकडून आलेले मोसम, असे नाव आहे.

१६८६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. शास्त्रीय परिभाषेत आजही ऋतुमानानुसार दिशा पालटणारे वारे म्हणजे मॉन्सून. म्हणूनच जून ते सप्टेंबरमधील नैऋत्य मॉन्सूनप्रमाणे ईशान्य मॉन्सूनही असतो आणि तामिळनाडूला बराचसा पाऊस तोच देतो. मराठीतील 'मोसमी वारे' हा प्रतिशब्द मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. भारतातील इंग्रजांच्या बोलण्यात मात्र वाऱ्याचे नाव हळूहळू पावसाला चिकटले आणि तोच अर्थ आपल्याकडे रूढ झाला.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. मे महिन्यात कोसळणारा वळीव स्थानिक उष्णतेने तयार झालेल्या ढगांचा असतो. दुपारी गडगडाट होतो, तासाभरात आभाळ मोकळे होते. मॉन्सूनच्या आगमनाची घोषणा करताना हवामान खाते १० मेनंतर केरळ व लगतच्या भागातील १४ ठरावीक केंद्रे पाहते. त्यांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस पडावा लागतो. शिवाय पश्चिमेच्या वाऱ्यांची खोली व वेग आणि ढगांचे आवरणही तपासले जाते. केरळातील आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून आहे.

दोन चांगल्या सरींनाच मॉन्सून समजून पेरणी उरकणाऱ्या शेतकऱ्याचे बियाणे पुढच्या उघडिपीत करपते आणि दुबार पेरणीचा खर्च माथी येतो. दर्यावर जाणाऱ्यांना शब्दाचा जुना अर्थ अजून ठाऊक आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद राहते. माशांच्या प्रजननाचा हा काळ दर्या खवळण्याचाही असतो आणि त्याची गणना सरींवर नव्हे, मोसमावर होते. शेतकऱ्यानेही पहिली सर पाहून चाड्यावर मूठ धरण्याआधी वारा फिरल्याची वार्ता ऐकावी, हेच या शब्दाचे मूळ सांगते.