पोलिसांची जुनी जीप आणि मिटलेलं एक नाव

लहानपणी अक्कलकोटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप आली की आम्ही पोरं गोट्या तिथंच टाकून घरात पळायचो. अब्बा म्हणायचे, “जीपला काय घाबरता, आत कोण बसलंय ते बघा.” गावात तणाव असला की त्याच जीपच्या भोंग्यातून सूचना ऐकू यायच्या. मोहल्ल्याला तिची धास्ती वाटे आणि ती आली म्हणून हायसंही वाटे.

त्या जीपवर ‘महिंद्रा’ लिहिलेलं असायचं. त्या नावाशेजारी एकेकाळी एक मोहम्मदही होता, हे मला शिक्षक झाल्यावर कळलं. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. धंदा पोलादाचा आणि पाटी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. अलीगढला शिकलेले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. ‘एम अँड एम’ ही अक्षरं मात्र तशीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली अमेरिकन विलीज जीप याच कंपनीने भारतात जुळवायला घेतली. पुढे ती लष्करात गेली, पोलीस ठाण्यात गेली, खेड्यापाड्यांत पोहोचली.

सरकारी गाडी जुनी झाली की तिचं निर्लेखन होतं, मग लिलाव. बहुतेक गाड्या भंगारात जात. एखादी शौकिनाच्या हाती लागे. मग सडलेला पत्रा कापायचा, चासीचा गंज घासायचा, वायरिंग नव्याने ओढायची, जुन्या बाजारात मूळ सुटे भाग शोधायचे. हे काम जाणणारे मिस्त्री कुठल्या शाळेत शिकलेले नसतात. उस्तादाच्या हाताखाली पाना धरत शिकलेले असतात. एक अडचण मात्र कायम असते. ‘पोलीस’ ही अक्षरं आणि दिवा उतरवल्याशिवाय खासगी माणसाला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे सगळं पूर्ववत करायचं, फक्त तिची ओळख सोडून.

आता त्याहून मोठा पेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या मोडीत काढायच्या असतात. प्रदूषण आणि सुरक्षेसाठी हा नियम योग्यच आहे. पण जी गाडी पंधराव्या वर्षी मोडीत निघते, ती पन्नाशी गाठणार कशी?

आमच्या अक्कलकोटच्या राजवाड्यात संस्थानिकांचं शस्त्रागार आहे. तिथल्या तलवारी, बंदुका आज कुणावर चालत नाहीत, तरी आपण त्या जपल्या. त्यांच्याकडे पाहून मुलं प्रश्न विचारतात आणि इतिहासाचा तास तिथंच सुरू होतो. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात एक तरी जुनी जीप, इंजिन बंद का असेना, पण तिच्या अक्षरांसकट उभी राहिली पाहिजे. म्हणजे एखादा विद्यार्थी विचारेल, “सर, यात दुसरा ‘एम’ कोणाचा?” आणि मला ती फाळणीची गोष्ट सांगता येईल.