मायफळाची शाई आणि बाखची स्वरलिपी

बाळाच्या गुटीत मायफळ उगाळून घालतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मायफळ हे नावालाच फळ. ओक वृक्षाच्या डहाळीवर एक बारीक माशी अंडी घालते आणि त्या जागी झाडाला जी गाठ येते, तिला आपण मायफळ म्हणतो. तिच्यात टॅनिन भरपूर असते. युरोपात अशा गाठींच्या काढ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडा डिंक मिसळून शाई करीत. लिहिताना फिकट असणारी ही शाई हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळी होते आणि कागदात मुरते. (कोऱ्या कडक चहात चिमूटभर हिराकस टाकून हा रंगबदल वर्गात दाखवता येईल.)

योहान सेबास्टिअन बाख (१६८५-१७५०) या जर्मन संगीतकाराने आपली ‘बी मायनर मास’ ही रचना याच शाईने लिहिली. लॅटिन प्रार्थनांवर आधारलेली, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची ही रचना. तिचा पहिला भाग १७३३ सालचा. बाकीचे भाग बाखने १७४८-४९ च्या सुमारास जोडले. त्याच्या हातची प्रत आज बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना छापील स्वरलिपी पुरते. मग हस्तलिखिताची पानन् पान हुबेहूब छापून फॅक्सिमिली आवृत्ती कशाला काढायची? कारण छापील प्रतीत रचना दिसते, पण ती कशी घडली हे दिसत नाही. ‘एट इन्कार्नाटुस एस्ट’ हा कोरस बाखने मागाहून लिहिला आणि तो स्वतंत्र पानावर मध्ये घातला. आधी हे शब्द त्याच्या अलीकडच्या युगुलगीतातच होते. फॅक्सिमिली चाळताना हे जादा पान लगेच नजरेत भरते. छापील प्रतीत त्याचा मागमूस नसतो.

‘बी मायनर मास’ची फॅक्सिमिली आवृत्ती १९२४ साली लाइपझिगच्या इन्झेल प्रकाशनाने काढली. पुढे १९६५ आणि २००७ साली बेरेनरायटर प्रकाशनाच्या आवृत्त्या निघाल्या. मग जुनी १९२४ ची प्रत अडगळीत टाकायची का? मुळीच नाही! शाईत उरलेले आम्ल आणि जादा लोह कागदातील सेल्युलोज तोडत राहतात. भरीव स्वरचिन्हांवर शाईचा थर जाड, म्हणून कागद तिथेच आधी ठिसूळ होतो आणि गळून पडतो. म्हणजे नेमका स्वरच नाहीसा होतो. १९२४ सालच्या छायाचित्रांत ही झीज आजच्याहून कमी दिसते. काही जागी मूळ प्रतीपेक्षा तिची नक्कलच अधिक वाचता येते, ही गोष्ट आम्हांला मोठी विलक्षण वाटते.

एका प्रश्नापुढे मात्र फॅक्सिमिलीही हात टेकते. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७८६ साली हॅम्बुर्गमध्ये या रचनेचा ‘क्रेडो’ हा भाग सादर केला. वडिलांच्या या हस्तलिखितात त्याने बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या. आता दोघांची शाई सारखीच तपकिरी दिसते. एखादे लहानसे स्वरचिन्ह बापाचे की मुलाचे, हे नुसत्या अक्षरावरून कसे ओळखणार?

इथे हिराकसच उपयोगी पडला. खनिजापासून मिळणाऱ्या हिराकसात मँगॅनीज, तांबे, जस्त अशी भेसळ असते आणि लोहाशी तिचे प्रमाण शाईगणिक बदलते. शाईवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण उलट बाहेर टाकते. ते मोजले की कागदाचा कणही न काढता प्रमाण कळते. संगीत-अभ्यासक उवे वोल्फ आणि रसायनतज्ज्ञ ओलिव्हर हान यांनी सहकाऱ्यासह अशी तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि २०१० साली वोल्फ यांनी संपादित केलेल्या नव्या आवृत्तीला ते उपयोगी पडले.

जिथे कागदच गळून पडला आहे, तिथे क्ष-किरणांना मोजायला शाईच उरलेली नाही. तिथे पुन्हा १९२४ ची प्रत उघडावी लागते.