वेदनाशमन आणि कायदा : मॉर्फिनच्या उपलब्धतेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शस्त्रक्रियेतील वेदनेचा प्रश्न बधिरीकरणशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच बऱ्याच अंशी सोडविला. भारतात १८४७ मध्ये कोलकाता येथे ईथरचा वापर झाला. कर्करोगाच्या दीर्घकालीन वेदनेचा प्रश्न मात्र शास्त्रापेक्षा कायद्यामुळे अधिक रेंगाळला. प्रस्तुत लेखात मुंबई व नवी मुंबईच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

कायदा व त्याचे परिणाम

१९८५ मध्ये गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी त्रिस्तरीय उपचारपद्धती मांडली. तीव्र वेदनेसाठी तोंडावाटे घ्यावयाचे मॉर्फिन हा तिचा आधार होता. त्याच वर्षी डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. म्हणजे उपचाराची दिशा स्पष्ट झाली, त्याच सुमारास औषधाची वाट अरुंद झाली.

अधिनियमाने वैद्यकीय वापरास बंदी केली नव्हती. परंतु बाळगणे, वाहतूक, आयात अशा प्रत्येक बाबीसाठी राज्यागणिक वेगळे परवाने लागत. चुकीला किमान दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद असल्याने औषधविक्रेते व रुग्णालये साठा ठेवीनाशी झाली. १९९७ मध्ये देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे १८ किलोग्रॅमपर्यंत घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याखाली अफू पिकविणाऱ्या आणि ती निर्यात करणाऱ्या देशात हे घडावे, ही विसंगती होय.

दुरुस्ती व नवी मुंबई

२०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वर्ग निर्माण केला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे त्यात आली व देशभर एकसमान नियम लागू झाले. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते.

टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था खारघर येथे आहे. अशा केंद्रात वेदनातज्ज्ञ व औषध दोन्ही मिळतात. परंतु दूरच्या तालुक्यातून आलेला रुग्ण अखेरचे दिवस बहुधा घरी काढतो. तेथे जवळपास मान्यताप्राप्त संस्था नसेल, तर गोळ्या संपताच वेदना परतते.

निष्कर्ष

औषध स्वस्त व परिचित असूनही ते रुग्णापर्यंत पोहोचले नाही, याचे कारण भीती व कार्यपद्धती यांत होते. कायदा सुधारला, आता तालुका पातळीवरील मान्यता व डॉक्टरांचे प्रशिक्षण या दोन बाबींकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.