विश्रांती की उद्योग? नैराश्यातील थकव्याच्या उपचारांचा इतिहास

नैराश्य, ज्याला बोलण्यात आता सर्रास डिप्रेशन म्हटले जाते, या आजारात मन उदास होते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु औषध सुरू होऊन झोप आणि भूक सुधारल्यावर, उगाच येणारे रडू थांबल्यावरही जो थकवा महिनोन्‌महिने अंगात मुक्काम ठोकून राहतो, त्याच्याकडे वैद्यकाने कधी आणि कसे पाहिले, हे फारसे सांगितले जात नाही. दिवसभराच्या कष्टांचा थकवा झोपेने उतरतो. हा उतरत नाही, आणि अंघोळ, वेणीफणी किंवा वाजणारा फोन उचलणे यांसारख्या कामांसाठीही आधी बळ गोळा करावे लागते. अशा माणसाला पडून राहू द्यावे की कामाला लावावे, या प्रश्नाभोवती गेली सुमारे दीडशे वर्षे उपचार घुटमळत राहिले आणि त्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे पुष्कळदा बाजूला पडले.

1869 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी या अवस्थेला ‘न्यूरस्थेनिया’ या निदानाखाली आणले. मज्जासंस्थेतील शक्तीचा साठा खर्ची पडून माणूस गळून जातो, अशी त्यामागची कल्पना होती, आणि वाफेची यंत्रे, तारायंत्र, वृत्तपत्रे यांनी वाढवलेली जीवनाची गती हे त्याचे कारण असल्याचे बिअर्ड यांनी 1881 च्या आपल्या पुस्तकात मांडले. शक्तीच्या साठ्याची ही कल्पना पुढे टिकली नाही. तरीही तिने एक मोठे काम केले: थकलेल्या माणसाला आळशी न ठरवता आजारी मानण्याची सोय झाली. ही सोय प्रामुख्याने सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या वर्गालाच मिळाली, हेही विसरता येत नाही.

फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी 1877 मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली ‘विश्रांती चिकित्सा’ म्हणजे सक्तीच्या विश्रांतीचा उपचार होता. रुग्णाला, बहुधा स्त्रीला, घरच्यांपासून वेगळे करून सहा आठवडे ते दोन महिने खाटेवर ठेवले जाई. सुरुवातीला उठून बसणे, शिवणकाम, वाचन, लेखन यांपैकी कशालाच परवानगी नसे, ठरावीक वेळाने दूध पाजले जाई, नर्स हाताने भरवीत असे, आणि न हलणारे स्नायू शिथिल पडू नयेत म्हणून मालिश व विजेचे सौम्य झटके दिले जात. खंगलेल्या, अन्न टाकलेल्या काही स्त्रियांचे वजन यामुळे वाढले आणि त्यांना बरे वाटले, हे मान्य केले पाहिजे. परंतु लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी 1887 मध्ये हा उपचार घेतला, आणि घरी पाठवताना त्यांना जन्मात पुन्हा लेखणी किंवा कुंचल्याला हात लावू नये असे बजावण्यात आले. हा सल्ला पाळताना आपण वेडाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलो, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले आणि 1892 मध्ये त्या अनुभवातून एक गाजलेली कथा लिहिली. मिचेल यांनी थकवा खरा मानला, पण थकलेल्या व्यक्तीला तिच्या जगण्यातले काय हवे आहे, हे विचारले नाही. त्यांच्या पद्धतीचा खरा दोष इथे होता.

याच्या उलट वाट 1904 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड या समुद्रकाठच्या गावी हर्बर्ट हॉल या डॉक्टरांनी धरली. न्यूरस्थेनियाच्या रुग्णांसाठी त्यांनी हातमाग, लाकडी कोरीवकाम आणि कुंभारकाम यांची कार्यशाळा उभारली. काम रुग्णाच्या कुवतीप्रमाणे बेताबेताने वाढवायचे आणि पूर्ण विश्रांतीची जागा हळूहळू उद्योगाने घ्यायची, असा तिथला क्रम होता. अभ्यास पुढे नेण्यासाठी 1906 मध्ये हार्वर्डकडून 1000 डॉलरचे अनुदानही मिळाले. तिथल्या कुंभारकामाचा पुढे स्वतंत्र व्यवसाय झाला आणि मार्बलहेडची भांडी आज संग्रहालयांत आढळतात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ती घडवणाऱ्या थकलेल्या हातांना काम मापून दिले गेले, ही बाब अधिक मोलाची आहे. 1917 मध्ये अमेरिकेत व्यवसायोपचाराची, म्हणजे कामातून उपचार करणाऱ्या शास्त्राची, राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्यामागे असेच प्रयोग होते. याच काळात जपानमध्ये मोरिता शोमा यांनी चिंतेने ग्रासलेल्या, न्यूरस्थेनियाचे रुग्ण समजल्या जाणाऱ्या माणसांसाठी चार टप्प्यांचा उपचार घडवला. त्यात पहिला आठवडाभर निव्वळ पडून राहायचे, मग हलके काम, मग जड काम आणि शेवटी नेहमीचे जीवन, अशी मांडणी होती. विश्रांती आणि उद्योग यांचे वैर नसून त्यांचा क्रम आणि माप महत्त्वाचे आहे, ही समज या दोन ठिकाणी एकमेकांपासून दूर राहून आकाराला आली.

औषधांचा प्रवेशही थकव्याच्याच वाटेने झाला. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे औषध दिले असता खाटेला खिळलेली माणसे उत्साहाने वावरू लागली. 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी ते नैराश्यावर वापरून त्याला मनाला ऊर्जा देणारे औषध म्हटले. यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते लवकरच मागे पडले. त्यानंतर रूढ झालेल्या औषधांपैकी अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी काही गुंगी आणणारी होती. त्यांनी मनःस्थिती सावरली, पण सकाळचे जडपण कधी आजाराचे आणि कधी गोळीचे, हे ओळखणे अवघड करून ठेवले.

1960 मध्ये लीड्सच्या मॅक्स हॅमिल्टन यांनी नैराश्य मोजण्यासाठी प्रसिद्ध केलेली मापनपट्टी पुढे अनेक दशके औषधांच्या चाचण्यांचा मुख्य आधार राहिली. तिच्या रूढ सतरा मुद्द्यांच्या आवृत्तीत झोपेच्या तक्रारींना तीन स्वतंत्र मुद्दे आणि एकूण 6 गुण आहेत. थकव्याचा समावेश मात्र पाठदुखी, डोकेदुखी, अंगाचा जडपणा यांच्याच मुद्द्यात असून त्या सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त 2 गुण मिळतात, आणि थकव्याचा दुसरा उल्लेख कामाविषयीच्या मुद्द्यात ओझरता येतो. एकूण 52 पैकी 7 किंवा त्याहून कमी गुण आले की रुग्ण आजारातून मुक्त झाला, असे मानण्याचा प्रघात पडला. म्हणजे झोप आणणाऱ्या औषधाने गुण झपाट्याने उतरू शकत, आणि दिवसभर अंगात त्राण नसलेला माणूस कागदावर बरा ठरू शकत असे. उपचार चालू असलेल्यांच्या थकव्याची हेळसांड झाली, त्यात या मोजमापाचा वाटा मोठा आहे, असेच म्हणावे लागते.

आशियात चित्र निराळे होते, कारण इथे रुग्ण मुळात थकव्याचीच तक्रार घेऊन येत. 1980 मध्ये आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात न्यूरस्थेनियाचे निदान झालेले 100 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी 87 जणांना नैराश्याचा आजार असल्याचे आढळले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सुमारे 12 टक्के स्त्रियांना सहा महिने किंवा अधिक काळ थकवा होता, आणि त्याचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनशी आढळला नाही, कर्ज, उपासमार, नवऱ्याकडून होणारी लैंगिक बळजबरी आणि मानसिक त्रास यांच्याशी मात्र तो आढळला. अशक्तपणा वाटतो म्हणून टॉनिक, ताकदीचे इंजेक्शन किंवा सलाईन घेऊन परतणाऱ्या असंख्य बायकांच्या दुखण्याचे मूळ कुठे असू शकते, हे या पाहणीने दाखवून दिले.

उपाय शोधण्याचे कामही गोव्यात झाले. 1970 च्या दशकात अमेरिकेत पीटर ल्युइन्सन यांनी मांडलेल्या आणि 1990 च्या दशकात नील जेकबसन यांनी पुढे नेलेल्या कृतिप्रेरणा उपचाराचे सूत्र असे आहे की, उत्साह येण्याची वाट पाहत थांबल्यास कृती सुटते, कृती सुटल्याने समाधानाचे प्रसंग आटतात आणि थकवा आणखी बळावतो. म्हणून लहानशी, ठरवलेली कृती आधी करायची आणि तिचा मनावर काय परिणाम झाला ते नोंदवायचे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठकांत ही पद्धत राबवली. दारापर्यंत चालत जाणे, शेजारणीशी दोन शब्द बोलणे, अशा आवाक्यातल्या गोष्टींपासूनही इथे सुरुवात करता येते. तीन महिन्यांनंतर या गटातील 64 टक्के रुग्ण आजारातून सावरले होते. नेहमीच्या उपचाराला थोडी जोड मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते.

या इतिहासाकडे पाहता, उपचार चालू असूनही थकवा हटत नसेल तर रुग्णाने तो स्वभावदोष समजून मुकाट्याने सोसू नये आणि घरच्यांनीही त्यावर आळसाचा शिक्का मारू नये. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोपेतील श्वासाचे अडथळे यांची तपासणी, गोळीची मात्रा किंवा घेण्याची वेळ बदलणे, गरज पडल्यास औषधच बदलणे आणि कृतीचे छोटे वेळापत्रक आखणे, हे सगळे डॉक्टरांशी बोलून करता येण्याजोगे आहे. गोळ्या मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.