तळटीप १४ : पीटर सशाआधीची अळंबी

१४. ‘पॉटरबाईंची पहिली चित्रे’ म्हणजे सशांची नव्हेत, अळंबीची. बीट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांनी १८९० च्या दशकात स्कॉटलंड आणि लेक डिस्ट्रिक्टच्या रानांत हिंडून अळंबीची शेकडो जलरंगचित्रे काढली. त्यांचे गुरू चार्ल्स मॅकिन्टॉश हे पर्थशायरमधले पोस्टमन. पायी टपाल वाटता वाटता त्यांनी सारे रान पाठ केले होते. हिवाळ्यात ते लंडनला पार्सलाने ताजी अळंबी धाडत आणि बाई त्यांची चित्रे परत पाठवीत. नुसते देखणे चित्र ओळख पटवायला पुरत नाही, छत्रीखालचे पडदे आणि उभा छेदही दाखवा, ही मॅकिन्टॉश यांची सूचना. तिच्यामुळे पुढच्या चित्रांत टोपीवरच्या तुकतुकीइतकीच देठाच्या आतली पोकळीही नेमकी दिसते. बीजाणूंच्या रुजण्यावरचा बाईंचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण त्यांच्या गैरहजेरीत. बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. निबंध पुढे मागे घेतला गेला आणि त्याची प्रत आज उपलब्ध नाही. चित्रांचे पुस्तक बाईंच्या हयातीत निघाले नाही. त्यांतली काही १९६७ मध्ये फिंडले यांच्या अळंबीवरील पुस्तकात प्रथम छापली गेली. मूळ चित्रांचा मोठा संग्रह अँबलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आहे. चरित्रकार या चित्रांना सशांच्या गोष्टींची पूर्वतयारी म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. पीटरचे पहिले सचित्र पत्र ४ सप्टेंबर १८९३ चे, म्हणजे दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.