कळणे आणि वळणे : छायाचित्रणाच्या वर्गाची गोष्ट

आजचा विषय तसा छोटा आहे. छायाचित्रणाची मुळाक्षरं विद्यार्थ्याला कशी शिकवायची? पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे : हाताला येणारी गोष्ट आपण शिक्षण मानतो का? ‘कळतं पण वळत नाही’ असं आपण सहज म्हणतो. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली एका ग्रंथात याच्याच जवळचा मुद्दा मांडला. एखादी गोष्ट अशी अशी आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. करता येणं ही माहितीची शेपटी नव्हे. ते स्वतंत्र ज्ञान आहे. छायाचित्रणाच्या वर्गाचा इतिहास याचा चांगला दाखला आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात गोरे अधिकारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. क्रॉफर्ड नावाचे शिक्षक होते आणि विद्यार्थी सुमारे चाळीस. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, म्हणजे हा वर्ग विद्यापीठाहूनही जुना!

त्या काळची कुठलीही पद्धत घ्या, ती नुसती ऐकून येण्यासारखी नव्हती. दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात प्रकाश द्यायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. १८५१ साली आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत तर काच ओली असेपर्यंतच सगळं उरकावं लागे, म्हणजे हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. पायरी चुकली की चित्र बिघडलंच. काचेशी वाद घालता येत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक परीक्षेत चुकलो तरी दोन गुण वाद घालून मिळवतो. इथे ती सोय नाही.

याच वर्गात हरिश्चंद्र चिंतामण शिकले. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून नाव मिळवलं. १८७४ मध्ये त्यांचं भगवद्गीतेवरचं इंग्रजी भाष्य लंडनला प्रसिद्ध झालं. रसायनांनी काळे झालेले हात आणि गीतेवरचं भाष्य एकाच माणसाचं होतं, हे ध्यानात ठेवा.

तो वर्ग मात्र फार काळ टिकला नाही. मग ही विद्या मुख्यतः स्टुडिओंत गेली आणि उमेदवारी करून शिकण्याची रीत पडली. ती वाईट होती असं नाही. पण एक फरक बघा. स्टुडिओत समोर गिऱ्हाईक असतं. उमेदवाराच्या हातून चूक झाली तर काच वाया जाते, खर्च मालकाचा होतो. साहजिकच पोराला वर्षानुवर्षं काचा धुवायला ठेवणं मालकाला परवडतं, कॅमेरा हाती देणं परवडत नाही. वर्गात चुकीचा खर्च आधीच धरलेला असतो. माझ्या मते वर्ग म्हणजे मुळात चुकण्याची सोय, आणि स्वाध्याय म्हणजे त्या चुकीला दिलेली शिस्त.

दादासाहेब फाळके घ्या. १८९० साली ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे प्राचार्य गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे १९१२ मध्ये चित्रपटासाठी भांडवल हवं होतं, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. फिल्म झाली मिनिटभराची, पण ती पाहून पैसा उभा राहिला. तो एक नमुनेदार स्वाध्यायच होता : विषय एक, जागा एक, बदलतो फक्त काळ. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्या वाटाण्याच्या वेलावर चढून आला.

आपल्या पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथेही व्याख्यानांच्या बरोबरीने सराव-चित्रपट आणि शेवटी डिप्लोमा फिल्म आली. के. के. महाजन १९६६ साली तिथून बाहेर पडले आणि १९६९ चा ‘भुवन शोम’ त्यांच्या कॅमेऱ्याने टिपला.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि चुकायला दमडी लागत नाही. मग शिकणं सोपं व्हायला हवं ना? अडचण अशी की फोन आपली चूक आपल्याला न सांगताच दुरुस्त करतो. म्हणून स्वाध्याय असा हवा की चूक पुन्हा डोळ्यांसमोर यावी. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. पहिला स्वाध्याय : एकच खिडकी, एकच तांब्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ, फक्त प्रकाश बघा. दुसरा : लकडी पुलावरची वर्दळ, एकदा १/५०० सेकंदाने आणि एकदा १/१५ ने. तिसरा : छिद्र एफ २.८ वरून एफ ११ वर न्या. प्रकाश सोळा पटींनी कमी होतो, म्हणून १/५०० च्या जागी साधारण १/३० सेकंद द्यावा लागेल. मग मागची भिंत किती स्पष्ट झाली ते पाहा. आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी वहीत लिहा, काय उमटेल असं वाटतं. ते लिहिलं नाही, तर चूक झाली हे कळणार कशावरून?

आपल्याकडे विज्ञानाच्या प्रॅक्टिकलचं काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल उतरवून काढलं की प्रयोग ‘झाला’. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर हात कशाला चालवायचा? छायाचित्रणाचा विषय शाळा-कॉलेजांत येतो आहे, येऊ द्या. पण त्याचंही जर्नल होणार असेल, तर १८५५ सालच्या त्या चाळीस मुलांपेक्षा आपली मुलं मागे पडली असं मी म्हणेन. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना एवढंच सुचवतो : गुण चांगल्या फोटोला देऊ नका. फसलेला फोटो घेऊन येऊन तो का फसला हे जो नीट सांगेल, त्याला द्या.