मुष्टियुद्धातील दहा श्रेष्ठ डावखुरे : डावलले गेले, तरी उजवे ठरले

जबलपूर : सरस ठरण्याला मराठीत ‘उजवे ठरणे’ म्हणतात आणि एखाद्याला बाजूला सारण्याला ‘डावलणे’. मुष्टियुद्धाच्या इतिहासात डावखुऱ्यांच्या वाट्याला दीर्घकाळ हा दुसरा शब्दच आला. प्रशिक्षकांनी त्यांना उजव्या पवित्र्यात उभे राहण्यास भाग पाडले, विजेत्यांनी त्यांच्याशी लढती टाळल्या आणि त्यांचा खेळ बेढब वाटतो म्हणून आयोजकांनी पाठ फिरवली. खेळातील सर्वाधिक प्रतिष्ठेच्या हेवीवेट गटाला पहिला डावखुरा विश्वविजेता मिळण्यासाठी १९९४ हे वर्ष उजाडावे लागले.

दरवर्षी १३ ऑगस्ट हा दिवस आंतरराष्ट्रीय डावखुरे दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने सर्वश्रेष्ठ डावखुरा मुष्टियोद्धा कोण, हा वाद क्रीडारसिकांमध्ये हमखास रंगतो. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची केंद्रे असलेले जबलपूर, तसेच महार रेजिमेंटचे केंद्र असलेले सागर, या मध्य प्रदेशातील छावण्यांच्या शहरांना मुष्टियुद्ध परके नाही. या वादाच्या संदर्भासाठी दहा नावांची क्रमवारी येथे देत आहोत.

हात नव्हे, पवित्रा

मुष्टियुद्धात ‘डावखुरा’ हा शब्द हातापेक्षा उभे राहण्याच्या पद्धतीला लागू होतो. रूढ पवित्र्यात डावा पाय व डावा हात पुढे आणि जोरकस उजवा हात मागे असतो. इंग्रजीत ‘साउथपॉ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डाव्या पवित्र्यात हे सर्व उलटते. उजवा हात पुढे राहून प्रतिस्पर्ध्याचा अदमास घेतो आणि मागे राखलेला डावा हात निर्णायक ठोसा लगावतो.

त्यामुळे रोजच्या व्यवहारात उजव्या हाताने काम करणारे काही योद्धे रिंगमध्ये डावखुरे ठरतात. मार्विन हॅगलर हे त्याचे ठळक उदाहरण. उलट ऑस्कर डी ला होया आणि मिगेल कोट्टो हे जन्मतः डावखुरे असूनही रूढ पवित्र्यात लढले. त्यांचा या क्रमवारीत विचार केलेला नाही.

दोन भिन्न पवित्रे समोरासमोर आले की दोघांचेही पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात. ज्याचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला पडते, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. यकृत शरीराच्या उजव्या बाजूला असल्याने रूढ पवित्र्यातील योद्ध्याचे यकृत डावखुऱ्याच्या जोरकस हाताच्या टप्प्यात येते. मात्र डावखुऱ्याची स्वतःची उजवी बाजू पुढे असल्याने त्याचे यकृतही तितकेच उघडे पडते. म्हणजे शरीररचनेचा लाभ दोघांनाही सारखाच असतो. फरक पडतो तो सवयीचा. डावखुरा आयुष्यभर उजव्यांशीच लढत आलेला असतो, तर उजव्याला डावखुरा क्वचितच भेटतो.

मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १३,८०० हून अधिक व्यावसायिक मुष्टियोद्धे व मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. डावखुऱ्यांना लढतींत अधिक यश मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोजक आणि विजेते डावखुऱ्यांना का टाळत होते, याचे एक उत्तर या निष्कर्षात आहे.

क्रमवारीचे निकष

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, जिंकलेली विजेतेपदे व वजनगट, श्रेष्ठत्व टिकल्याचा काळ आणि संधी मिळवण्यासाठी करावा लागलेला संघर्ष, असे चार निकष येथे लावले आहेत. हौशी आणि व्यावसायिक या दोन्ही क्षेत्रांतील कामगिरी विचारात घेतली आहे. सोयीनुसार दोन्ही पवित्र्यांत लढणारा अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड श्रेष्ठ असला, तरी त्याला केवळ डावखुरा म्हणता येत नसल्याने यादीबाहेर ठेवले आहे.

१. मॅनी पॅकियाओ (फिलिपिन्स)

आठ वजनगटांत विश्वविजेतेपद मिळवणारा इतिहासातील एकमेव मुष्टियोद्धा. डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडच्या चाचाई सासाकुलला हरवून त्याने फ्लायवेट गटात पहिले विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनियो मार्गारिटोला नमवून त्याने सुपर वेल्टरवेट गटातील आठवे विजेतेपद पटकावले. सुरुवातीला त्याची सारी भिस्त डाव्या हातावर होती. २००१ पासून प्रशिक्षक फ्रेडी रोचने त्याच्या उजव्या हातालाही धार आणली आणि तेथून तो आवरेनासा झाला. बॅरेरा, मोरालेस, मार्केझ, डी ला होया, हॅटन, कोट्टो ही त्याने हरवलेल्यांची नावे म्हणजे त्या काळातील श्रेष्ठींची यादीच आहे. २०१२ मध्ये मार्केझकडून बाद होणे आणि २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदरकडून झालेला पराभव या त्याच्या कारकिर्दीतील उण्या बाजू. तरीही २०१९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, कीथ थर्मनला हरवून तो सर्वाधिक वयाचा वेल्टरवेट विश्वविजेता ठरला. वजनगटांचा असा पल्ला दुसऱ्या कोणीही गाठलेला नाही. म्हणून पहिला क्रमांक.

२. मार्विन हॅगलर (अमेरिका)

१९८० ते १९८७ या काळात मिडलवेट गटाचा निर्विवाद विजेता. ६७ लढतींत ६२ विजय, त्यांपैकी ५२ प्रतिस्पर्ध्यांना बाद करून, आणि विजेतेपदाचे सलग १२ वेळा यशस्वी रक्षण, अशी त्याची कामगिरी. पण या आकड्यांमागे दीर्घ प्रतीक्षा आहे. १९७३ मध्ये व्यावसायिक झालेल्या हॅगलरला विजेतेपदासाठी पहिली लढत मिळाली ती १९७९ मध्ये, आणि तीही बरोबरीत सोडवली गेली. तू काळा आहेस, डावखुरा आहेस आणि चांगला आहेस, म्हणूनच तुला संधी मिळत नाही, अशा आशयाचे माजी विजेता जो फ्रेझरचे त्याला उद्देशून काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. सप्टेंबर १९८० मध्ये लंडनच्या वेम्बली येथे त्याने ॲलन मिंटरला तीन फेऱ्यांत हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी रिंगवर बाटल्या फेकल्या. विजेतेपदाचा सोहळा सोडून त्याला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर पडावे लागले. १५ एप्रिल १९८५ रोजी थॉमस हर्न्सविरुद्ध रंगलेली तीन फेऱ्यांची लढत आजही मुष्टियुद्धातील सर्वांत थरारक लढतींत गणली जाते. १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डने त्याला मतविभाजनाने हरवले. त्या निकालावरील वाद हॅगलरच्या २०२१ मधील निधनानंतरही मिटलेला नाही.

३. पर्नेल व्हिटेकर (अमेरिका)

बचावाच्या कलेत डावखुऱ्यांमध्ये याला तोड नाही. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १९८४ साली सुवर्णपदक आणि पुढे चार वजनगटांत विश्वविजेतेपद. वाकून, कंबरेतून वळून, इंचभर अंतराने ठोसा चुकवण्याचे त्याचे कौशल्य प्रतिस्पर्ध्याला हतबल करीत असे. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियो येथे अपराजित हुलिओ सेझर चावेझविरुद्धची त्याची लढत बरोबरीत सुटली. बहुसंख्य जाणकारांच्या मते ती व्हिटेकरनेच जिंकली होती, आणि पंचांच्या अन्यायाचे उदाहरण म्हणून ती आजही सांगितली जाते.

४. ओलेक्झांडर उसिक (युक्रेन)

लंडन ऑलिंपिकचा (२०१२) सुवर्णपदक विजेता. २०१८ मध्ये क्रूझरवेट गटातील चारही प्रमुख संघटनांची विजेतेपदे त्याने एकवटली आणि नंतर आपल्याहून धिप्पाड योद्ध्यांच्या हेवीवेट गटात प्रवेश केला. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे टायसन फ्युरीला हरवून तो लेनॉक्स लुईसनंतरचा पहिला निर्विवाद हेवीवेट विजेता ठरला. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत बाद करून त्याने तो मान पुन्हा मिळवला. त्या विजयाअखेर २४ लढतींत २४ विजय, असा त्याचा लेखा होता. १९९४ मध्ये इव्हँडर होलीफिल्डला हरवून मायकेल मूररने डावखुऱ्यांसाठी या गटाचे दार उघडले होते, पण काही महिन्यांतच ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनकडून तो बाद झाला. डावखुऱ्यांना तेथे दीर्घ सत्ता मिळवून दिली ती उसिकने.

५. लास्लो पाप (हंगेरी)

१९४८, १९५२ आणि १९५६ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा पहिला मुष्टियोद्धा. पुढे केवळ क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसन व फेलिक्स सावोन यांनीच या विक्रमाशी बरोबरी साधली. साम्यवादी राजवटीत व्यावसायिक खेळाला मज्जाव असताना पापला १९५७ मध्ये खास परवानगी मिळाली आणि १९६२ मध्ये तो युरोपचा मिडलवेट विजेता झाला. विश्वविजेतेपदाची लढत दृष्टिपथात असतानाच सरकारने परवानगी काढून घेतली. २९ व्यावसायिक लढतींत २७ विजय, दोन बरोबरी आणि एकही पराभव नाही, अशा स्थितीत त्याची कारकीर्द संपली. ती लढत झाली असती, तर कदाचित तो या यादीत आणखी वर दिसला असता.

६. एम. सी. मेरी कोम (भारत)

हौशी जागतिक स्पर्धेत २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८ अशी सहा सुवर्णपदके. २००१ मधील रौप्य व २०१९ मधील कांस्य धरून या स्पर्धेतील तिची एकूण आठ पदके होतात. मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई या गावातून आलेल्या या डावखुऱ्या मुलीने खेळ सुरू केला, तेव्हा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धाला स्थानच नव्हते. ते मिळाले २०१२ मध्ये. तोवर तिचा मूळ ४८ किलो गट मागे पडला होता, कारण ऑलिंपिकमध्ये सर्वांत हलका गट ५१ किलोचा ठेवण्यात आला. वजनाने भारी प्रतिस्पर्ध्यांशी लढून, मातृत्वानंतर, तिने तेथे कांस्यपदक मिळवले. ती व्यावसायिक रिंगमध्ये उतरली नाही आणि सुरुवातीच्या काळात महिलांची स्पर्धा आजच्याइतकी व्यापक नव्हती, हे मान्य करूनही पहिल्या व शेवटच्या जागतिक सुवर्णपदकातील १६ वर्षांचे अंतर तिला या यादीत मानाने बसवते.

७. खाओसाई गॅलेक्सी (थायलंड)

१९८४ ते १९९१ या काळात सुपर फ्लायवेट गटातील विश्वविजेतेपदाचे १९ वेळा रक्षण. ४८ लढतींत ४७ विजय, त्यांपैकी ४१ प्रतिस्पर्ध्याला बाद करून. शरीरावर बसणारा त्याचा डावा ठोसा विशेष धास्तीचा. जुळा भाऊ काओकोर हाही विश्वविजेता होता.

८. जो कॅल्झागी (वेल्स)

४६ लढती, ४६ विजय. १९९७ मध्ये ख्रिस युबँकला हरवून मिळवलेले सुपर मिडलवेट विजेतेपद त्याने रिंगमध्ये कधीच गमावले नाही आणि २१ वेळा राखले. कारकिर्दीचा मोठा काळ तो मायभूमीबाहेर फारसा लढला नाही, हा आक्षेप त्याला खाली आणतो.

९. टायगर फ्लॉवर्स (अमेरिका)

पहिला कृष्णवर्णीय मिडलवेट विश्वविजेता. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने हॅरी ग्रेबला हरवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा नमवले. त्या काळच्या अमेरिकेत वर्ण आणि पवित्रा अशा दोन्ही कारणांनी डावलला गेलेला हा योद्धा नोव्हेंबर १९२७ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर मरण पावला.

१०. गॅब्रिएल ‘फ्लॅश’ एलोर्डे (फिलिपिन्स)

मार्च १९६० पासून जून १९६७ पर्यंत ज्युनिअर लाइटवेट विश्वविजेता. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये १९९३ मध्ये स्थान मिळवणारा पहिला आशियाई. पॅकियाओच्या पूर्वी फिलिपिन्समध्ये डाव्या पवित्र्याला प्रतिष्ठा मिळवून देणारा हाच.

उंबरठ्यावरची नावे

दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा व तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत विश्वविजेता झालेला युक्रेनचा वासिल लोमाचेन्को, तसेच २००० व २००४ चा ऑलिंपिक विजेता, क्यूबाचा गिलेर्मो रिगॉन्डो, यांना थोडक्यात बाहेर राहावे लागले. दोघांची हौशी कारकीर्द अजोड असली, तरी व्यावसायिक रिंगमधील सत्ताकाळ तुलनेने लहान होता.

भारतातील परंपरा

जेवताना, लिहिताना, देवाघरचा प्रसाद घेताना डावा हात पुढे केला, की तो मागे घ्यायला लावण्याची सवय भारतीय घरांत खोलवर रुजलेली आहे. या पार्श्वभूमीवर देशाच्या मुष्टियुद्धात डावखुऱ्यांचा वाटा लक्षणीय आहे. हरियाणातील रोहतक जिल्ह्याच्या मायना गावचा अमित पंघाल २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ऑलिंपिक विजेत्या हसनबॉय दुस्मातोव्हला हरवून सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष मुष्टियोद्धा झाला. पंघाल लष्करात ज्या महार रेजिमेंटचा, ती १९४१ मध्ये बेळगाव येथे उभी राहिली होती. तिचे केंद्र आता सागर येथे आहे. विकास कृष्णनने २०१० मध्ये आशियाई सुवर्ण आणि २०११ मध्ये जागतिक कांस्यपदक मिळवले, तर मनीष कौशिकने २०१९ मध्ये जागतिक कांस्यपदक जिंकले. हे दोघेही डावखुरेच.

डाव्या पवित्र्याचा लाभ तो दुर्मीळ असण्यात आहे. डावखुऱ्यांची संख्या वाढेल तसा तो लाभ घटेल, आणि मग केवळ वेगळेपणावर कोणालाही जिंकता येणार नाही. वरील दहा जणही केवळ वेगळेपणावर जिंकलेले नाहीत. पॅकियाओने दुसरा हात घडवला, व्हिटेकरने बचाव घडवला आणि हॅगलरने सात वर्षे वाट पाहिली. नवोदित मुलाने सरावाच्या पहिल्या दिवशी आपणहून उजवा पाय पुढे टाकला, तर त्याला दुरुस्त करण्याआधी प्रशिक्षकाने ही यादी एकदा आठवावी, एवढा या क्रमवारीचा व्यावहारिक उपयोग नक्कीच आहे.